रिकाम्या खोगिराचं चरित्र

सन १९६२. माझं वय चोवीस. सोनबामामाला माती देऊन थोडेच दिवस झाले होते. भिलाईच्या मजूर कॅम्पातल्या आमच्या विहारात, म्हणजे तेव्हाच्या बांबू-चटईच्या खोलीत, शोकसभा भरली आणि ठरलं, की घोडेवाल्या सोनबाचं चरित्र छापायचं. लिहायचं मेश्राम मास्तरांनी. गावोगाव हिंडून माहिती आणायची मी.

मीच कावून, तर माझ्याजवळ सायकल होती. दुसरं कारण कोणी सांगितलं नाही. शिक्षण चौथी, तीही मास्तर म्हणत की पास केलेली नव्हे, सोडलेली.

हा अंक काढणाऱ्या पोरांनी मला भिलाईच्या पोलाद प्लांटच्या आठवणी लिहायला सांगितलं आहे. त्या सगळेच लिहितात. पहिली भट्टी पेटली तेव्हा लिहिणारा प्रत्येक जण पुढच्या रांगेत उभा होता असं वाचायला मिळतं. एवढी लांब रांग मी तरी पाहिली नाही. मी रिगर होतो. जड लोखंड दोराने बांधून उचलायचं आणि जागेवर बसवायचं, हे काम. त्याच्यावर घर चाललं, पोरं शिकली. पण आयुष्यात कोणतं काम केलं असं कोणी विचारलं तर मी म्हणतो, एका माणसाचं चरित्र लिहिलं. तेच सांगतो.

सोनबामामा माझा सख्खा मामा नव्हता. आमगावकडचा, आमच्या गावापासून दोन कोसांवरचा, म्हणून मामा. तरुणपणी एका मालगुजाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, तबेल्यात घोड्यांची चाकरी करायचा. तिथली एक लंगडी घोडी टाकून दिलेली होती, ती त्याने नीट केली. नाव ठेवलं चिमणी. छप्पनला नागपूरला दीक्षा झाली. तिथून परत आल्यावर त्याने चिमणीवर खोगीर टाकलं आणि निघाला. डोंगरगडकडून राजनांदगाव, राजनांदगावकडून दुर्ग. वाटेतल्या प्रत्येक गावात आपल्या वस्तीत थांबायचं आणि सांगायचं, दीक्षा झाली, आता मेलेलं ढोर ओढायचं नाही, त्याचं मांस खायचं नाही.

आजच्या पोरांना यात काय मोठं असं वाटेल. त्या गावांमध्ये आपल्या नवरदेवाला स्वतःच्या लग्नात घोड्यावर बसता येत नसे. पायात चपला घालून पाटलाच्या ओट्यापुढून जाता येत नसे. तिथून हा माणूस खोगिरावर ताठ बसून जायचा. भिलाईत त्याच्यावर गाणं झालं होतं. सोनबाचा पाय कोणत्याच गावाच्या मातीला लागला नाही, असं त्याचं धृपद. जयंतीला एका पोराला सोनबा करून टांग्याच्या घोड्यावर मिरवायचे.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते सत्तावन्नच्या हिवाळ्यात, कॅम्पात, कामावर घेणाऱ्या ठेकेदाराच्या रांगेत. माझ्या पुढेच उभा होता, हातात घोडीचा दोर. ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, "काम आदमी का है, घोडी का नहीं." मामा म्हणाला, "ती काही मागून नाही राहिली." आम्ही एकाच टोळीत लागलो. लोखंडाला दोराची गाठ घालावी तर त्यानेच. पुढच्या उन्हाळ्यात चिमणी मेली. तिला ओढून नाल्यात टाकायला माणसं बोलवू असं कोणी म्हणालं. मामाने फावडं घेतलं आणि ती पडली होती तिथेच तिच्याजवळ खड्डा खणायला लागला. मुरमाची जमीन. आम्ही सगळी टोळी पाया खोदून आलेली, तरी परत खणायला उभे राहिलो.

त्याची एक गोष्ट मात्र आम्हाला कळत नव्हती. हा माणूस कशावर बसून गावातून जायचा नाही. माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसायचा, पण रस्त्यात गाव आलं की खाली उतरायचा, चालत गाव पार करायचा, पलीकडे परत बसायचा. बैलगाडीतूनही तसाच. मी उलटा. मी घंटी वाजवत गावाच्या मधून जायचो, ओट्यावर पाटील असो की त्याचा बाप. मी चिडवायचो, "काय मामा, घोडेवाले तुमी, आणि सायकलवर गांड दुखते?" तो हसायचा. म्हणायचा, "पाय मोकळे होतात बावा." सुभद्रामामी, त्याची बायको, तीही तशीच उतरायची. नवरा उतरतो म्हणून बायको उतरते, यापलीकडे तिलाही काही ठाऊक नव्हतं. बासष्टला कावीळ झाली आणि मामा गेला.

तर चरित्र. साप्ताहिक सुट्टीला रजा जोडून मी पॅसेंजरमध्ये सायकल टाकायचो, डोंगरगडला उतरायचो आणि मामाच्या वाटेने एकेक गाव करत भिलाईकडे यायचो. पहिले काही महिने वाया गेले. मी विचारायचो, "सोनबा इथून घोड्यावर गेला होता ना?" वस्तीतली माणसं म्हणायची, "होय भाऊ, गेला ना." आपल्या माणसाची ही रीत आहे. दुरून आलेला पाहुणा, पायात प्लांटचे बूट, त्याला नाही म्हणून उपाशी पाठवायचं नाही. जे ऐकायला आला आहे ते त्याला वाढायचं. एकाने घोडा पांढरा सांगितला. चिमणी तांबडी होती. एका म्हाताऱ्याने तलवार सांगितली. मी म्हटलं, "बुढेबा, तलवार मी कधी पाहिली नाई." तो म्हणाला, "तू उशिरा जन्मला, त्याले मी काय करू."

मुद्दे घेऊन मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी पहिलं पान लिहिलं. त्यात पूर्वेला सूर्य उगवत होता, अश्वाच्या टापांनी धरणी कंप पावत होती. मी ते सुभद्रामामीला वाचून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि विचारलं, "हे कोणाचं हाये?" तेव्हा मी ठरवलं की लिहायचंही आपणच. मास्तरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "तुले ऱ्हस्व-दीर्घ येते का?" मी म्हटलं, "ते तुमी पाहा. बाकी मी पाहतो."

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जड लोखंड उचलताना एकदम वर न्यायचं नसतं. वीतभर उचलायचं आणि थांबायचं. दोर कुठे कुरकुरतो, वजन कोणीकडे झुकतं, ते पाहायचं. वजन कागदावर काहीही लिहिलेलं असो, खरं वजन त्या वीतभरात कळतं. मी म्हटलं, इथेही तेच करू. गाणं बाजूला ठेवू, वीतभरच विचारू. मी माणसाबद्दल विचारणं सोडलं आणि घोडीबद्दल विचारायला लागलो. पाणी कुठे पाजलं, बांधली कुठे, काय खाल्लं. जनावराबद्दल खोटं बोलायचं कोणाच्या मनात येत नाही. त्यात मान नाही, अपमान नाही.

आणि माहिती बदलली. डोंगरगड सोडल्यावरच्या पहिल्या गावांत जो तो मला चिमणीच्या पाठीवरची जखम सांगायला लागला. खोगीर घासून पाठ सोलली होती. एका बाईने हळद-तेल लावलं होतं, दुसरीने कडुनिंबाचा पाला. तांबडी घोडी, पाठीवर तळहाताएवढा चट्टा. ही खरी चिमणी होती. मी खूश झालो. मग एका गावापासून पुढे जखम भरत गेली आणि थोड्या गावांनी गायबच. त्यानंतर कोणाला जखम आठवेना. एक गुराखी म्हणाला, "पाठ? चांगली होती. नवे केस आले होते." मी म्हटलं, खोगीर होतं का पाठीवर? "होतं ना. पण रिकामं. तो तिच्यासंग पायी चालत होता."

जेवणाच्या सुट्टीत मामानेच मला एकदा सांगितलं होतं, की घोड्याची पाठ बसणाऱ्याची चुगली करते. रोज बसलं तर सोललेली पाठ भरून येत नाही. म्हणजे त्या गावाच्या पुढे चिमणीवर कोणी बसलंच नव्हतं. गाणं म्हणत होतं की पाय मातीला लागला नाही. घोडी म्हणत होती की तो भिलाईपर्यंत चालत आला.

त्या गावाचं नाव मी पुस्तकात लिहिलं नाही, इथेही लिहीत नाही. तिथे आपली चार घरं अजून आहेत.

तिथल्या वस्तीत मी आधी एकदा जाऊन आलो होतो. तेव्हा सगळे म्हणाले होते, होय भाऊ, घोड्यावर गेला. या वेळी मी मनटोराबाईच्या दारात बसलो. म्हातारी, डोळ्यांत फूल पडलेलं. बोलणं अर्धं आपलं, अर्धं छत्तीसगढी. मी विचारलं, "माय, घोडीनं इथं पाणी कोणत्या विहिरीचं पेलं?"

ती तंबाखू मळायला लागली. मग म्हणाली, "विहिरीचं नाई पेलं. विहिरीत वासरू होतं."

तिने सांगितलं ते असं. सोनबा वस्तीत बोलून, घोड्यावर बसून, पाटलाच्या ओट्यापुढून निघून गेला. त्याला कोणी काही म्हणालं नाही. तो पुढच्या वाटेला लागला. इकडे वस्तीने त्याचं ऐकून मेलेलं ढोर ओढायला नकार दिला. दुसऱ्या दिवशी गावातल्या माणसांनी मेलेलं वासरू बैलगाडीत घालून आणलं आणि वस्तीच्या विहिरीत टाकलं. म्हणाले, "तुम्ही न्यायला येत नाही, म्हणून आणून दिलं." वर सांगितलं, घोडेवाला परत येऊन घोड्यावरून उतरून चालत जात नाही तोवर कोणी ते काढायचं नाही. लोक डबक्याचं पाणी प्यायले. हगवण लागली. मनटोराबाईचा नातू गेला.

सोनबापर्यंत निरोप गेला. तो उलटा आला. शिवेवर सगळी वस्ती उभी होती. मनटोराबाईने त्याचे पाय धरले. तिचे शब्द मी तसेच लिहून घेतले होते: "तोर पांव परत हौं बेटा, उतर जा. तैं तो चल देबे, हमन ला इहेंच रहना हे." पाया पडते, उतर. तू निघून जाशील, आम्हाला इथेच राहायचं आहे.

"मंग?" मी विचारलं.

"उतरला. चपला काढून हातात घेतल्या. गावातून चालत आला. ओट्यावर सगळे बसले होते."

"हासले?"

"हासले असते तर बरं झालं असतं. कोणी काईच बोललं नाई. पाहात बसले."

मग त्याने चिमणीचा लांब दोर विहिरीच्या लाकडाला बांधला आणि स्वतः खाली उतरला. वासरू फुगलेलं होतं. त्याला फास घातला, वर आला, घोडीला दोर जोडून ते बाहेर काढलं आणि शिवेपलीकडे ओढत नेलं. ढोर ओढू नका असं गावोगाव सांगत आलेल्या माणसाने ते ढोर ओढलं. वस्तीतल्या दुसऱ्या कोणाला दोराला हात लावू दिला नाही. विहीर उपसली. पोराच्या मातीला थांबला आणि घोडीचा दोर धरून निघून गेला.

मी म्हटलं, "माय, हे लिहू?"

"लिही. पण गावाचं नाव नको."

"आणि त्याचं?"

"त्याचं तर लिहिलंच पाहिजे. आमच्यासाठी उतरला तो."

मी परत येऊन ते लिहिलं. तीन पानं झाली. चौसष्टच्या उन्हाळ्यात पुस्तक पुरं झालं, मुखपृष्ठासाठी घोडेस्वाराचं चित्रही एका पेंटरने काढलं, आणि एका रविवारी दुपारी विहारात पुस्तक मंजूर करायला सभा बसली. मास्तर अध्यक्ष. ते आधीच वाचून आले होते.

"लहानू," ते मला म्हणाले, "बाकी ठीक हाये. ही तीन पानं काढ."

"कावून?"

"कावून म्हंतो? आपल्या पोट्ट्यांच्या हातात हे पुस्तक जाईन. खेड्यात अजून आपला नवरदेव घोड्यावर बसू शकत नाई. त्या पोराले तू सांगशील, का सोनबापण उतरला होता? उतरला तं उतरला, वरून ढोर ओढलं?"

"ओढलं म्हणून लिहिलं."

"तुले समजून नाई राहिलं. आपला माणूस हे वाचून रडन. दुसरा वाचून हासन. उद्या कोण्या गावात म्हणन, तुमचा सोनबा उतरला, तू कोण रे?"

मास्तरांचं म्हणणं खोटं नव्हतं. आजही नाही. मी हट्टाने म्हटलं, "मास्तर, लोखंडाला भेग असली आणि ती लपवून उचललं, तं खाली उभा माणूस मरते."

"सोनबा लोखंड होता का?"

"पानं काढली तं सगळंच पुस्तक घरी नेतो मी."

"ने ना. तुझ्या बापाचं हाये का सोनबा?"

तेवढ्यात दाराशी बायांमध्ये बसलेली सुभद्रामामी उभी राहिली. मी तिला मनटोराबाईचं बोलणं आदल्या वर्षीच सांगितलं होतं. ऐकून ती तेव्हा उठून चुलीकडे गेली होती. मास्तर म्हणाले, "बोला बाई. तुमचा मालक होता. तुमी म्हणान तसं."

मामी म्हणाली, "तुमी घोड्यावरचा माणूस छापून राहिले. छापा. पण मी तं पायी चालणाऱ्याच्या घरात नांदली. तो कोण होता मंग?"

मामी चार पावलं पुढे आली.

"तो माणूस नळावर हात धूत राहे. कोपरापर्यंत. शेजारच्या बाया बडबड करत, का पाणी वाया घालवते. मले वाटे प्लांटचं ग्रीस हाये. जेवताना हात नाकाजवळ नेऊन पाहे. मरेपर्यंत पाहे." मग ती माझ्याकडे वळली. "लहानू, तिथं एक ओळ अजून घाल. त्याच्या हाताले वास नव्हता. मी बायको होती त्याची, मले माहीत हाये. हे छाप."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला नाही. म्हणाले, "छापा. माझं नाव कुठं घालू नका."

पुस्तक निघालं. घोडेस्वाराच्या चित्राऐवजी साधं खोगीर छापलं. आपल्याच काही माणसांनी ते घरात ठेवलं नाही. जयंतीला सोनबाचा घोडा काढणं बंद झालं, ते माझ्यामुळे. ज्या पोराला त्या वर्षी घोड्यावर बसायचं होतं त्याने पुढे आयुष्यभर मला जय भीम केला नाही. आता त्याला दिसतही नाही, म्हणून मीच आधी करतो. मास्तर म्हणाले होते तसंही झालं. दुर्गकडच्या एका गावात आपल्या वरातीला अडवणाऱ्यांनी तेच वाक्य म्हटलं, तुमचा सोनबा उतरला होता. नवरदेव उतरला नाही, त्याचं डोकं फुटलं. मी त्याला दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा मास्तर आधीच तिथे बसलेले होते. त्यांनी मला बसायला जागा केली. पुस्तकाबद्दल एक शब्द काढला नाही, आणि त्यापेक्षा त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मनटोराबाईला वाचून दाखवायला गेलो तर ती राहिली नव्हती. एवढं सगळं होऊनही ती पानं मी काढली नसती. का, ते मला मास्तरांच्या भाषेत सांगता येत नाही.

हे सगळं नंतरचं. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मला सुट्टी होती. कागद पिशवीत घालून मी दुर्गच्या छापखान्यात निघालो. सुभद्रामामी म्हणाली, मी येतो, माझ्यासमोर देजो. ती कॅरिअरवर बसली, पिशवी मांडीवर. सुपेलाचा बाजार मागे टाकला, नाला ओलांडला, आणि रस्त्यात गाव लागलं. ते गाव साधं होतं. तिथे कोणी कोणाला उतर म्हणत नव्हतं. मी रोज घंटी वाजवत त्यातून जायचो.

"थांब," मामी म्हणाली, "उतरतो मी."

"बसून राहा मामी. इथं कोण काय म्हंते?"

"कोणी काई म्हणत नाई. उतरतो."

मी ब्रेक दाबला. ती उतरली, पदर नीट केला आणि पिशवी छातीशी धरून चालायला लागली. मी सीटवर बसून, एक पाय जमिनीला टेकवून, तिच्याकडे पाहत राहिलो. मग मीपण उतरलो. हँडल धरलं आणि तिच्या बाजूने चालत गाव पार केलं.

शेवटचं घर मागे पडल्यावर ती म्हणाली, "आता चाल," आणि कॅरिअरवर बसली.